ठाण्यात पटावरच्या लढायांची स्पर्धा : खुली ठेवावी की इतिहासाला धरून?

नौपाडेकर

नमस्कार मंडळी. इथे किल्ले, बखरी, शस्त्रं यावर भरपूर गप्पा होतात म्हणून हा विषय इथेच काढतोय. आम्ही चार मित्र गेली तीन वर्षं ठाण्यात ऐतिहासिक वॉरगेमिंग खेळतोय. मोबाइलवरचं नव्हे, टेबलावरचं. बोटाच्या पेराहून लहान सैनिक स्वतः रंगवायचे, टेबलावर टेकड्या, नदी, झाडी मांडायची, मोजपट्टी आणि फासे घ्यायचे आणि होऊन गेलेली लढाई आपल्या हाताने लढून बघायची.

आम्ही डीबीएचे नियम वापरतो, म्हणजे डी बेलिस अँटिक्विटाटिस. फिल बार्कर आणि मंडळींचे हे नियम १९९० साली आले. ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. प्रत्येकाकडे बाराच तुकड्या, प्रत्येक तुकडी एका पट्टीवर चिकटवलेली, बहुतेक पट्ट्यांवर दोन ते चार सैनिक. १५ मिलिमीटरचे सैनिक असतील तर साधारण दोन फूट बाय दोन फुटाचा पट पुरतो. दर वेळी एक फासा टाकायचा, जितके ठिपके पडतील तितक्याच हालचाली. एक पडला की बाराच्या बारा तुकड्या समोर आणि हलवता येते एकच! तेव्हा सेनापतीची तगमग काय असते ते कळतं. दोन तुकड्या भिडल्या की दोघांनी फासा टाकून आपापली ताकद मिळवायची, दुप्पट झाली तर समोरची तुकडी उठली, नाहीतर बहुतेक वेळा नुसती मागे सरकते. चार तुकड्या गेल्या (आणि समोरच्यापेक्षा जास्त गेल्या) की हरलात. तासाभरात निकाल.

चारचे आता आठ झालोत, ठाण्यातले पाच आणि नवी मुंबईचे तीन. दिवाळीनंतरच्या एका रविवारी पहिली छोटी स्पर्धा घ्यायचं ठरतंय. पण एका गोष्टीवरून दोन तट पडलेत. खुली ठेवायची, म्हणजे ज्याला जे सैन्य आवडतं ते त्याने आणायचं, मग रोमन विरुद्ध सामुराई झालं तरी चालेल? की फक्त एकमेकांशी खरोखर लढलेली सैन्यंच समोरासमोर आणायची? मला दुसरं हवंय, पण त्यात एक सैन्य जात्याच कमजोर असलं तर स्पर्धा न्याय्य राहील का, हे कळत नाहीये. अनुभव असलेल्यांनी आणि नसलेल्यांनीही सांगा.

राममारुतीरोड

मी खेळत नाही पण बघायला येणार. पोरगं सोबत आणलं तर चालेल ना?

नौपाडेकर

चालेल काय, आणाच. फासे टाकायला देऊ त्याला.

सीवूड्सवाला

खुली ठेवा. मी काही वर्षं ऑस्ट्रेलियात होतो, तिथे कॅनबेराला दर जानेवारीत कॅनकॉन नावाचं टेबलावरच्या खेळांचं संमेलन भरतं, तिथे पहिल्यांदा स्पर्धा खेळलो. तोपर्यंत घरी मित्राबरोबर महिन्यातून एक डाव, तोही चहा पीत, नियम बघत बघत, निम्म्या वेळा अर्धवट सोडलेला. स्पर्धेत घड्याळ लावलेलं असतं. समोर अनोळखी माणूस, तो नियम पाठ करून आलेला. पहिल्या दिवशी तिन्ही डाव हरलो आणि त्या एका दिवसात जे शिकलो ते आधीच्या दोन वर्षांत शिकलो नव्हतो. बाजूने तुकडी भिडवायची म्हणजे कोपऱ्याला कोपरा कसा लावायचा, मागे सरकायला जागा ठेवली नाही तर आपलीच तुकडी कशी मरते, हे सगळं मार खाऊनच कळतं.

आणि स्पर्धेमुळे सैन्य पुरं होतं हो! आपल्यातल्या किती जणांकडे अर्धवट रंगवलेले डबे आहेत सांगा. तारीख ठरली की रात्री दोनला पण माणूस ढाली रंगवतो.

आठ जणांना स्विस पद्धत घ्या. पहिली फेरी चिठ्ठ्या टाकून, पुढे जिंकलेला जिंकलेल्याशी आणि हरलेला हरलेल्याशी. कोणी बाहेर पडत नाही, तीन फेऱ्यांत निकाल लागतो, सगळ्यांना सारखे डाव मिळतात. सैन्यावर बंधन घालू नका, आठच जण आहात, त्यात अटी लावल्या तर चार उरतील.

खारेगावचे सुभेदार

सीवूड्सवाले, घड्याळाचं आणि मार खाऊन शिकण्याचं म्हणणं पटलं. बाकी नाही पटलं.

मी फौजेत होतो, आमच्याकडे सँड मॉडेल करायचे. जमिनीवर माती पसरून डोंगर, नाले, लोकरीच्या धाग्याचे रस्ते, रंगीत भुशाचं जंगल, आणि त्यावर साहेब विचारायचे की आता तू इथे आहेस, शत्रू या टेकडीवर आहे, काय करशील? चुकीचं उत्तर दिलं तर साहेब म्हणायचे, तुझी पलटण या नाल्यात मेली. त्या मॉडेलवर ती जमीन नेमकी तीच असायची, शत्रू नेमका तोच असायचा, म्हणून उत्तराला किंमत होती. तुमच्या खुल्या स्पर्धेत पोरसासमोर सामुराई येणार. त्यातून पोरसाबद्दल काय कळणार? हत्तीची ताकद चार की पाच एवढंच कळणार.

हा खेळ निघाला तोच शिकण्यासाठी. प्रशियात राइसविट्झ बापलेक होते. बापाने १८१२ च्या सुमारास राजासाठी पट केला आणि मुलाने १८२४ मध्ये तो नकाशावर आणून नियम छापले, क्रीगस्पील म्हणून. दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या खोलीत बसवायचे, मध्ये पंच, आणि पंच ज्याला जे दिसायला हवं तेवढंच सांगणार. ते जमेल का तुम्हाला एकदा करायला? मी पंच होईन, फुकट.

कुंचला

सुभेदार काका, ते जमवूच आपण, मला त्यात खेळायचंच आहे. मी ऐरोलीची. आमच्यात रंगवण्याचं बहुतेक काम माझ्याकडे असतं म्हणून स्पर्धेआधी एक कळकळीची विनंती : रंगवलेलंच सैन्य आणायचं अशी अट घालाच. राखाडी प्लॅस्टिकचे सैनिक पटावर बघितले की माझा जीव तुटतो. बाराच तुकड्या आहेत, चाळीसेक सैनिक, रोज दोन केले तरी तीन आठवड्यांत होतात.

आत्ता पावसाळा चालू आहे म्हणून नवीन मंडळींना सांगून ठेवते, स्प्रे प्रायमर (रंगाआधीचा अस्तराचा थर) आत्ता मारू नका. हवेत ओल असली की रंग सैनिकावर बसायच्या आधीच दाणेदार होतो आणि सगळं सैन्य पिठात घोळल्यासारखं दिसतं. माझे अकरा घोडेस्वार असेच गेले जुलैमध्ये, ब्रशने खरवडता खरवडता तलवारीच मोडल्या. पावसात ब्रशनेच प्रायमर लावा, पातळ, दोन हात.

आणि १५ मिलिमीटरला डोळे बिळे काढत बसू नका. डोकं मोहरीच्या दाण्यापेक्षा जेमतेम मोठं असतं. सपाट रंग द्या, मग तपकिरी शाई पाण्यात पातळ करून वरून सोडा, ती आपोआप घड्यांमध्ये, पागोट्याच्या पेचांमध्ये, घोड्याच्या आयाळीत जाऊन बसते. वाळली की उंच भागांवर मूळ रंगाचा नुसता स्पर्श करायचा. हातभर अंतरावरून जिवंत दिसतात. लढताना आपण तेवढ्या अंतरावरूनच बघतो.

कळव्याचा नवशिक्या

ताई आत्ताच वाचून स्प्रेचा डबा परत कपाटात ठेवला, वाचवलंत.

पण माझा प्रश्न खर्चाचा आहे. बाहेरून सैनिक मागवले तर टपाल आणि कस्टम धरून अंगावर काटा येतो. मी बीकॉमला आहे. स्पर्धेत यायचं तर काय करू?

कुंचला

तीन रस्ते आहेत. एक, १/७२ चे प्लॅस्टिकचे सैनिक, एका डब्यात चाळीस-पन्नास येतात, त्यात पायदळाचं काम होतं. दोन, आपल्या भागात रेझिनवर ३डी प्रिंट करून देणारे आहेत, दोघातिघांनी मिळून ऑर्डर दिली की परवडतं. तीन, पुठ्ठा. खरंच सांगते, चाळीस मिलिमीटर रुंदीची पट्टी कापून त्यावर हत्तीचं चित्र काढून चिकटव, नियमांना काही फरक पडत नाही. सुरुवात त्याने कर, हात बसला की मग खर्च कर. पहिल्या स्पर्धेत पुठ्ठा चालेल ना नौपाडेकर? मी वर रंगवलेलंच आणा म्हटलंय पण हाताने रंगवलेला पुठ्ठा पण रंगवलेलाच.

नौपाडेकर

चालेल. आणि एक जास्तीचं सैन्य माझ्याकडे आहे, ते पण देईन, काळजी करू नकोस मित्रा.

कोपरीचा मावळा

सगळं ठीक आहे पण आपण महाराष्ट्रात राहून रोमन आणि सामुराई का खेळतोय?? मराठे कुठायत?

नौपाडेकर

रास्त प्रश्न आहे आणि पहिल्या दिवसापासून माझ्याही मनात आहे. अडचण अशी की डीबीए प्राचीन आणि मध्ययुगापुरतं आहे, साधारण १५०० पर्यंत. त्यात पोरस आहे, मौर्य आहेत, पण महाराजांच्या काळाला ते लावता येत नाही, बंदुका आणि तोफा आल्या की सगळं गणितच बदलतं. पुढच्या काळाचे वेगळे नियम आहेत पण त्यात आपलं सैन्य घरीच बसून तयार करावं लागतं.

ते आम्ही करून बघितलंय. उंबरखिंड खेळलो. फेब्रुवारी १६६१, मुघलांचा सरदार कारतलबखान कुरवंडा घाटाने कोकणात उतरतोय आणि महाराज खिंडीत वाट बघतायत. पहिल्यांदा सरळ मांडलं तर खेळ दहा मिनिटांत संपला, खानाला करायला काहीच नाही, लांबलचक रांग झाडीत अडकलेली आणि वरून मारा. मग आम्ही जिंकण्याची व्याख्याच बदलली. खान लढाई जिंकणार नाही हे दोघांनाही ठाऊक आहे, पण ठरावीक वेळात त्याने चार तुकड्या खिंडीबाहेर काढल्या तर खेळ त्याचा. आणि मराठ्यांना मारलेल्या तुकड्यांचे गुण नाहीत, हाती लागलेल्या सामानाचे आहेत, कारण प्रत्यक्षातही महाराजांनी सामान आणि खंडणी घेऊन खानाला जाऊ दिलं. त्यानंतर तो डाव असा रंगला की विचारू नका. खानासोबतच्या रायबागन या सरदारीणबाईने शरण जा म्हणून सांगितलं होतं ते खानाने किती उशिरा ऐकलं हे त्याच्या जागी बसल्यावर समजतं.

कोपरीचा मावळा

भारीच!! मला हे खेळायचंय. पट कोणी केला?

नौपाडेकर

मी. आणि खरं सांगू, कुठे शिकलो नाही. लहानपणी चाळीत दिवाळीचे किल्ले करायचो तोच हात आहे. दगड-विटांचा सांगाडा, त्यावर पोतं, पोत्यावर चिखल, अळीव पेरून हिरवळ. आता विटांच्या जागी फोम आलाय आणि अळिवाच्या जागी भुसा, बाकी बोटांना सगळं आठवतं. उंबरखिंडीच्या पटावरची सगळी जमीन चहाच्या चोथ्याची आहे. घरचा चोथा दोन महिने साठवला, आई रोज विचारायची काय करतोयस. फेविकॉल पाण्यात कालवून पसरायचा आणि वर चोथा दाबायचा, हुबेहूब सह्याद्रीतला पालापाचोळा दिसतो. फक्त चोथा आधी कढईत कोरडा परतून घ्या. मी पहिल्या वेळी नुसता उन्हात वाळवला होता, आठवड्यात खिंडीत पांढरी बुरशी उगवली आणि सगळा पट खरवडावा लागला.

राममारुतीरोड

अहो म्हणजे आपल्याकडे प्रत्येक सोसायटीत दरवर्षी पोरं हाच खेळ मांडतात आणि मांडून झाला की न खेळताच उठतात! किल्ला तयार, मावळे तयार, फक्त लढाई नाही.

कुंचला

हे वाक्य मी आठ दिवस डोक्यात घेऊन फिरणार आहे. स्पर्धा दिवाळीनंतर आहेच, मग दिवाळीत एका किल्ल्यावर मुलांना सोपे नियम देऊन खेळवूया का? मातीचे मावळे आहेतच. एक फासा, एक सुतळी मोजायला.

वाशीची मास्तरीण

मी शाळेत इतिहास शिकवते. कुंचला, मुलांना खेळवायची कल्पना मनापासून आवडली, माझ्या वर्गात करायला मी तयार आहे. पण मला एक बोलायचंय आणि ते कोणाला लागलं तर माफ करा.

पानिपत नका खेळू. उंबरखिंड, प्रतापगड खेळा. पानिपतात एका दिवसात जे गेलं, आमच्या घराण्यात त्याची आठवण अजून आहे, संक्रांतीचं नाव काढलं की आजी गप्प व्हायची. त्यावर फासे टाकून कोणीतरी 'मी अब्दाली, मी जिंकलो' म्हणून टाळी देणार, ते मला बघवणार नाही.

खारेगावचे सुभेदार

बाई, लागायचं काय त्यात. तुमची भावना मोठी आहे.

पण माझं उलट मत आहे, ऐकून घ्या. आम्ही पलटणीत हरलेल्या लढायाच जास्त अभ्यासल्या. जिंकलेली लढाई माणूस नुसती मिरवतो.

नौपाडेकर

बाई, आम्ही पानिपत एकदाच खेळलोय आणि तो दिवस मी विसरणार नाही म्हणून लिहितो, पटवण्यासाठी नाही.

मी भाऊसाहेबांच्या बाजूला होतो. गोलाने दिल्लीकडे सरकायचं अशी आज्ञा, म्हणजे तोफा आणि गारदी बाहेरून, बाजारबुणगे आणि बायामाणसं आत. डाव्या बाजूला इब्राहिमखान गारदी आणि त्याचं कवायती बंदूकधारी पायदळ, म्हणजे गारदी. पहिला तास गारद्यांनी अब्दालीच्या बाजूच्या रोहिल्यांची फळी मोडून काढली, तसं खरंही झालं होतं. आणि मग माझ्या शेजारी बसलेला मित्र, ज्याच्याकडे गारद्यांच्या बाजूचं घोडदळ होतं, तो म्हणाला, रोहिले पळतायत, मी सोडतो घोडे. मी म्हटलं नको, गोल फुटेल. तो म्हणाला, अरे समोर दिसतायत, आत्ता नाही तर कधी! त्याने सोडले. फासा वाईट पडला, घोडे मागे आले ते गारद्यांच्याच अंगावर, आणि गारद्यांच्या बंदुका गप्प झाल्या. विंचूरकर आणि गायकवाडांनी गोल सोडल्याचं शाळेपासून वाचलेलं, आणि दर वेळी मनात त्यांना दोष दिलेला. माझा मित्र मूर्ख नाही हो, त्याला पुस्तक पाठ आहे, परिणाम ठाऊक होता, तरी समोर पळणारा शत्रू बघून त्याचा हात थांबला नाही. त्या दिवसापासून मी त्या दोघांना नावं ठेवायचं सोडलं.

तिसऱ्या प्रहरी अब्दालीची राखीव फौज आली, उंटांवरच्या जंबुरक्यांसकट, म्हणजे छोट्या तोफांसकट. माझ्याकडे राखीव एकही तुकडी नव्हती. विश्वासरावांची पट्टी पटावरून उचलायची वेळ आली तेव्हा ती कोणी उचलेना, दोन मिनिटं सगळे नुसते बसून होतो. टाळी कोणी दिली नाही.

वाशीची मास्तरीण

वाचलं. दोनदा वाचलं. मला अजूनही ते स्पर्धेत नकोय, गुण मोजून तर नकोच. पण असं खेळलात तर मला बोलवा, मी आत गोलातल्या माणसांच्या बाजूने बसेन.

भोकरदनकर

मी मूळचा जालन्याकडचा, आता घणसोलीत. इतक्या चांगल्या धाग्यात असईच्या लढाईचं नाव नाही म्हणून लिहितोय, इंग्रज विरुद्ध मराठे. २३ सप्टेंबर १८०३. गाव आमच्या तालुक्यात आहे, लहानपणी मामाच्या बैलगाडीतून कैलना नदी कितीदा ओलांडली असेन.

इंग्रजांचा सेनापती वेलस्ली, त्याला वाटाड्यांनी सांगितलं की पुढे उतार नाही. त्याने बघितलं की नदीच्या दोन्ही काठांना समोरासमोर दोन गावं आहेत, पिंपळगाव आणि वरूड. तो म्हणाला, दोन गावं अशी समोरासमोर वसली म्हणजे मधे ये-जा असणारच, उतार असणारच. आणि होता. आमच्याकडे कुठल्याही म्हाताऱ्याला विचारा, तो हेच सांगेल, पण परमुलखातल्या माणसाला ते सुचलं याचं मला नवल वाटतं. मात्र पुढचं कोणी सांगत नाही. तो बाजूने आलाय हे कळताच शिंद्यांच्या कवायती पलटणींनी, पोलमन या जर्मन अधिकाऱ्याच्या हाताखाली, अख्खी रांग काटकोनात वळवली आणि त्याच्या तोंडासमोर उभी केली. वेलस्लीला ही अपेक्षाच नव्हती. तोफा तर अशा चालल्या की त्याची दीड हजारांवर माणसं मेली नि जखमी झाली, जेमतेम साडेनऊ हजारांच्या फौजेत. तोफखान्याचे लोक मेल्याचं सोंग करून पडून राहिले आणि इंग्रज पुढे गेल्यावर उठून पाठीमागून पुन्हा तोफा डागल्या. इतक्या शिकलेल्या पलटणी आपल्याकडे होत्या. हे पटावर कुणी मांडलं तर मी रजा टाकून येईन. दोन नद्यांच्या मधली जागा आहे, कैलना आणि जुई, पट आयता तयार आहे.

सीवूड्सवाला

ही माझ्यासाठी नवी माहिती, धन्यवाद. रांग काटकोनात वळवणं म्हणजे काय दिव्य असतं ते ज्याने टेबलावर चार तुकड्या वळवल्यात त्यालाच माहीत. ठिपके पुरत नाहीत.

कोपरीचा मावळा

पण काका लोकहो, मराठ्यांचं खरं बळ गनिमी कावा, ते या टेबलावर कसं येणार? समोरासमोर मांडलं की आपण हरतोच. मी घरी तीनदा करून बघितलं.

खारेगावचे सुभेदार

शाब्बास, ठिकाणावर बोट ठेवलंस. मराठी घोडदळाची निम्मी लढाई टेबलाच्या बाहेर होते. पालखेड बघ, १७२८. बाजीरावाने निजामाला मैदानात गाठलंच नाही. त्याच्या मुलखात घुसला, त्याला मागे मागे पळवत नेलं, तोफखान्यापासून तोडलं, आणि पालखेडजवळ अशा जागी आणून कोंडलं की पाणी आणि दाणा दोन्ही बंद. निजामाने मुंगी-शेवगावला तह केला. दोन फुटाच्या पटावर यातलं काय मांडणार? शेवटचा दिवस मांडशील तर निजाम फक्त तहानलेला दिसेल.

ती नकाशावरच खेळायला हवी. एक खोली बाजीराव, एक खोली निजाम, मधे पंच. दर चाल म्हणजे एक दिवस. निजाम विचारणार, पेशवा कुठे आहे? पंच सांगणार, तीन दिवसांपूर्वी खानदेशात होता म्हणतात. म्हणून म्हणतो, मला पंच करा.

कुंचला

काका तुमचं हे वाचून एक आठवलं. दुसऱ्या महायुद्धात लिव्हरपूलला इंग्रजांच्या नौदलाने १९४२ मध्ये एका खोलीत जमिनीवर पट आखून जर्मन पाणबुड्यांविरुद्ध खेळायला सुरुवात केली, गिल्बर्ट रॉबर्ट्स नावाचा अधिकारी प्रमुख, आणि तो पट चालवणाऱ्या बहुतेक तरुण मुली होत्या, नौदलाच्या महिला शाखेतल्या. जहाजांच्या कप्तानांना पडद्याआडून बघायला लावायचे म्हणजे प्रत्यक्ष समुद्रात दिसेल तेवढंच दिसेल. त्या पटावर त्यांनी ताफ्याच्या बचावाची एक चाल शोधली, तिला रास्पबेरी नाव दिलं, आणि ती खऱ्या समुद्रात वापरली गेली. जॅनेट ओकेल म्हणून एक मुलगी होती, तिने तर खुद्द ॲडमिरल हॉर्टनला पटावर हरवलं.

हे मी मुद्दाम सांगतेय. आठ जणांत मी एकटीच बाई आहे. माझ्या ऑफिसातल्या दोघी यायला तयार आहेत पण विचारतात, सगळे पुरुषच असतील ना? जाहीर करताना तसं स्वच्छ लिहा की सगळ्यांसाठी आहे.

नौपाडेकर

लिहितो. पहिल्याच ओळीत लिहितो.

सीवूड्सवाला

बरं, मूळ प्रश्नाकडे येऊ. वरचं सगळं वाचून माझं मत बरंच हललंय. मला वाटलं होतं इतिहास आणि स्पर्धा एकाच टेबलावर बसत नाहीत, पण बाहेर जोडसैन्याच्या स्पर्धा होतात त्या मी खेळलोय, विसरलोच होतो सांगायला. प्रत्येकाने एक सैन्य आणायचं नाही, दोन आणायची, एकमेकांशी लढलेली. म्हणजे पोरस आणि सिकंदर दोन्ही एकाच डब्यात. डाव सुरू होताना एकजण जमीन मांडतो आणि दुसरा सैन्य निवडतो. लहानपणी आई सांगायची ना, एकाने वाटे करायचे आणि दुसऱ्याने आधी उचलायचा, तसं. जो जमीन मांडतो त्याला ठाऊक नसतं की आपल्याला कुठलं सैन्य मिळणार, म्हणून तो आपसूक न्यायाने मांडतो. कमजोर सैन्याचा प्रश्नच मिटला.

नौपाडेकर

हे मला का सुचलं नाही! तीन वर्षं आम्ही यावर भांडतोय.

आणि वेळ असेल तर पुढच्या फेरीत बाजू बदलायची. पोरसाला हरवलेल्याने पोरस होऊन बसायचं.

खारेगावचे सुभेदार

हे मान्य. सँड मॉडेलवर साहेब हेच करायचे, उत्तर दिलं की म्हणायचे, आता टेकडीवर तू जा.

कळव्याचा नवशिक्या

पण मग प्रत्येकाला दोन सैन्यं लागणार, खर्च दुप्पट :(

कुंचला

नाही रे, आठ जणांना चार टेबलं. चार जोड्या पुरतात. पोरस-सिकंदर माझ्याकडे आहे, नौपाडेकरांकडे रोम आणि कार्थेज, उरलेल्या दोन कोण आणतंय?

सीवूड्सवाला

एक माझी. जपानी विरुद्ध मंगोल, १२८१ ची स्वारी. म्हणजे सामुराई येणारच बघा, फक्त योग्य शत्रूसमोर.

कळव्याचा नवशिक्या

चौथी मी पुठ्ठ्यात करतो. मौर्य आणि ग्रीक, चंद्रगुप्त विरुद्ध सेल्युकस. हत्ती किती काढू?

कुंचला

सैन्याच्या यादीत असतील तेवढेच. आणि हत्ती आवडतात म्हणून सांगते, ते पुढे ठेवून बाजूला हलकं पायदळ ठेवायला विसरू नकोस. भालेफेके हत्तीला भिडून जिंकले की हत्ती मागे सरकत नाही, पटावरून उठतोच. झेलमवर पोरस-सिकंदराच्या लढाईत तेच झालं, माहूत मारले, हत्ती बिथरले आणि आपल्याच लोकांना तुडवत फिरले. पावसाळ्यातली लढाई होती ती, पोरसाचा मुलगा रथ घेऊन पुढे गेला आणि रथ चिखलात रुतले, धनुष्य जमिनीवर टेकवून पायाने दाबायचं तर जमीन निसरडी. माझ्या पटावर मी त्या बाजूला ओल्या मातीचा रंग दिलाय, वर थोडं वॉर्निश, चिखल चमकतो.

राममारुतीरोड

हॉलचं झालं का? आमच्या सोसायटीच्या समितीने मागे एका कॅरम स्पर्धेला नाही म्हटलं होतं, आवाज होतो म्हणून. पण मी पुन्हा विचारतो, तुमच्यात तर फासेच पडणार, तेही पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये टाकले तर आवाज येणार नाही.

वाशीची मास्तरीण

ठाण्यात नाही मिळाला तर वाशीला आमच्या शाळेत रविवारी विचारते. मोठे बाक आहेत, चार जोडले की पट बसतो. अट एकच, माझ्या नववीच्या दहा मुलांना बघायला येऊ द्यायचं आणि जेवणाच्या सुट्टीत एक डाव त्यांना द्यायचा.

नौपाडेकर

बाई, हॉल ठाण्यात मिळाला तरी आता शाळेतच घेऊ. ठाण्याकडचे ट्रान्सहार्बर लोकलने येतील, तासाभराच्या आतलं काम. सकाळी साडेनऊला चिठ्ठ्या, तीन फेऱ्या सव्वा सव्वा तासाच्या, जेवणाच्या सुट्टीत मुलांचा डाव, आणि संध्याकाळी सुभेदारांची पालखेड, दोन वर्गांत दोन बाजू, मधल्या पॅसेजमध्ये काका. मामलेदारची मिसळ मी डब्यातून आणतो, रस्सा वेगळा, पटापासून लांब ठेवायचा.

खारेगावचे सुभेदार

पालखेडचा नकाशा आजच काढायला घेतो. गोदावरीचे उतार कुणाला नीट माहीत असतील तर सांगा. भोकरदनकर, तुमच्या मामांकडे चौकशी होईल का?

भोकरदनकर

मामा आता नाहीत, पण मामेभाऊ पैठणला असतो. रविवारी फोन लावतो आणि पैठण ते पुणतांबे कुठे कुठे उतार होते ते जुन्या माणसांना विचारून इथेच लिहितो.

कोपरीचा मावळा

मी बाजीरावाच्या खोलीत. आधीच सांगून ठेवतोय.